फिल्म कॅमेरा करून-करून शिकायचाय: सुरुवात कुठून? (खान्देशच्या उन्हासकट)

तापीकाठ
राम राम मंडळी. जळगाव, भुसावळ आणि धुळ्याकडच्या पाच-सहा जणांना फिल्मवर फोटो काढायला शिकायचंय. इतिहास वाचून, तंत्र व्हिडिओ पाहून आणि चौकट (फोटोत काय घ्यायचं, काय सोडायचं) दुसऱ्यांचे फोटो पाहून, असं तीन ठिकाणी तुकडे करून शिकू नये असं माझं ठाम मत आहे. तिन्ही गोष्टी एकाच रोलवर, हाताने करून याव्यात.

ढोबळ बेत असा: एक कॅमेरा, एकच ५० मिमीचं भिंग, एकाच जातीची ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म आणि असे १० रोल. पहिले तीन उन्हाच्या अंदाजावर, पुढचे तीन लाइटमीटरवर, उरलेले चार चौकटीच्या सरावाला. धुणं, म्हणजे फिल्म डेव्हलप करणं, घरीच. दोन शंका आहेत. हा क्रम बरोबर आहे का? आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे फिल्म घरी धुवावी की नाही?

सातपुडा_पायथा
धुवू नये. जूनपर्यंत थांबा.

अंधारखोली
@सातपुडा_पायथा, थांबायची गरज नाही, पण पाण्याशी पंगा घेऊ नये हे खरं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३६-३८ अंशांना जातं आणि कृष्णधवल फिल्मचे सगळे तक्ते २० अंशांवर बेतलेले असतात. उदाहरणार्थ एचपी५ प्लस ही फिल्म, आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन) १+१, म्हणजे एक भाग मूळ द्रावण आणि एक भाग पाणी: २० अंशांना १३ मिनिटं. २४ ला हीच वेळ सुमारे ९ मिनिटांवर येते. अजून तापलं की ५ मिनिटांच्या खाली जाते, आणि तिथे खरी अडचण सुरू होते. ओतायला-काढायलाच १५-२० सेकंद जातात, म्हणून इतक्या कमी वेळात फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही. आकाशात पट्टे दिसतात, फिल्मच्या कडेच्या दातेरी छिद्रांपाशी गडद रेघा येतात.

उपाय म्हणजे डेव्हलपर पातळ करणं. १+३ केलं तर २० अंशांना २० मिनिटं लागतात, २६ अंशांना साधारण ११-१२. माठातलं पाणी रात्री २५-२६ च्या आसपास मिळतं, म्हणजे २० च्या मागे न लागता २६ वर काम करायचं. फक्त एक हिशेब चुकवू नका. एका रोलला किमान १०० मिली मूळ द्रावण लागतं. लहान डेव्हलपिंग टाकीत (फिल्म धुवायचा बंद डबा) ३०० मिली मावतं, त्यात १+३ केलं तर मूळ द्रावण ७५ च भरतं आणि निगेटिव्ह फिकी येते. दोन रिळांची (रीळ म्हणजे फिल्म गुंडाळायची चकती) टाकी घ्या, एकच रीळ भरा, वर रिकामं रीळ ठेवा आणि ४०० मिली ओता.

केळीबाग
बर्फ टाकला तर?

अंधारखोली
डेव्हलपरमध्ये थेट कधीच नाही, पातळ होतो. घमेल्यात पाणी घ्या, बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून त्यात सोडा आणि डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), शेवटी धुण्याचं पाणी अशा चारही बाटल्या त्या घमेल्यात एकत्र उभ्या करा. थर्मामीटर घमेल्यात नाही, डेव्हलपरच्या बाटलीत बुडवायचा. चारही एका तापमानाला आल्याशिवाय सुरुवात नको. २६ अंशांच्या डेव्हलपरमधून काढून ३७ अंशांच्या नळाखाली धरली की जिलेटिनचा थर एकदम फुगतो आणि वाळताना आक्रसतो. मग निगेटिव्हवर तळ्याच्या भेगाळलेल्या गाळासारखी जाळी उठते. ती पुन्हा जात नाही. दोन-तीन अंशांच्या वर फरक नको.

शेवटी फिक्सर धुऊन काढायला वाहता नळ लागतो हा गैरसमज आहे. टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरा, ५ वेळा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा, २० वेळा. दीड लिटरच्या आत काम होतं. आपल्याकडच्या पाणीटंचाईला ही रीत जणू मुद्दाम बनवलीय.

भुसावळ_जंक्शन
रंगीत फिल्मवाल्यांची मात्र चंगळ शे भो. सी-४१ (रंगीत फिल्म धुण्याची रीत) चा डेव्हलपर ३७.८ अंशांना, सव्वातीन मिनिटं. मे महिन्यात गच्चीवरची टाकी उघडली की झालं!

अंधारखोली
@भुसावळ_जंक्शन, हसू आलं, पण त्यात तथ्यही आहे. घमेल्यात ३८ चं पाणी टिकवायला मे महिन्यात हीटर लागत नाही. मात्र तिथे अर्ध्या अंशाचीही सूट नसते, रंग सरकतो. नवशिक्यांनी कृष्णधवलनेच सुरुवात करावी.

हायपो
डेव्हलपरचा विषय निघालाच आहे तर पाकिटावर अवलंबून राहू नका. डी-७६ हा १९२७ चा कोडॅकचा फॉर्म्युला, आयडी-११ त्याचाच जुळा भाऊ. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ५० अंशांचं ७५० मिली पाणी घ्यायचं. आधी सल्फाइटची एक चिमूट, मग मेटॉल पूर्ण विरघळवायचं, मग उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि लिटरपर्यंत पाणी भरायचं. क्रम बदलला की फसलं: सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल त्यात विरघळत नाही, पांढरी भुकटी तरंगत राहते. चिमूट आधी टाकायची कारण नुसत्या पाण्यात मेटॉल हवेने लगेच तपकिरी पडतं. वजनाला सोनाराच्या ताजव्यासारखा ०.१ ग्रॅमचा काटा हवा आणि हातात मोजे हवेत. मेटॉलने काहींच्या कातडीला खाज-पुरळ येतं.

उन्हाळ्यासाठी जुना तोडगा: तयार डेव्हलपरमध्ये लिटरला १०० ग्रॅम कोरडं सोडियम सल्फेट. त्याने जिलेटिन कमी फुगतं. नावं मात्र नीट वाचा. सल्फाइट डेव्हलपरमध्ये असतंच, सल्फेट हे उन्हाळ्याचं, आणि थायोसल्फेट म्हणजे हायपो, ते फिक्सरचं. दुकानदार तिन्ही पांढऱ्या पुड्यांत देतो, घरी येताच पुडीवर पेनाने नाव लिहा. डेव्हलपरमध्ये चुकून हायपो पडलं तर फिल्म गेली.

लळिंगचा_वारा
तुम्ही सगळे थेट मोरीत शिरलात. तापीकाठ यांनी क्रम विचारलाय. माझं मत वेगळं आहे. चौकट शेवटच्या चार रोलवर ढकलू नका, ती फिल्म न घालताच शिकता येते.

जाड काळ्या कार्डबोर्डला ४८ × ७२ मिमीची खिडकी कापा. डोळ्यापासून १०० मिमीवर धरली की ५० मिमीच्या भिंगातून जेवढं दिसतं तेवढंच त्यातून दिसतं. कारण सोपं आहे: निगेटिव्ह २४ × ३६ ची, तिच्या दुप्पट खिडकी भिंगाच्या दुप्पट अंतरावर. २०० मिमीवर धरा, १०० मिमीचं भिंग झालं. कार्डाला दोरा बांधून १०० मिमीवर गाठ मारा आणि ती गाठ गालाच्या हाडाला टेकवा, म्हणजे अंतर हलत नाही. एक डोळा मिटायचा. दोन डोळ्यांनी पाहिलं की खोली दिसते आणि कागदावर उतरते ती सपाट गोष्ट. नवशिक्याची निम्मी निराशा इथूनच येते.

आता हे कार्ड घेऊन चांगदेवला जा, पूर्णा-तापीच्या संगमावर. देऊळ, पाणी, नाव, आकाश, सगळंच सुंदर आहे, म्हणून सगळंच घ्यावंसं वाटतं. तिथे तासभर एकच काम करा: कडा बघा, मधलं नको. चारही कडांवर काय कापलं जातंय ते मोठ्याने म्हणा. "डावीकडे नावेचं टोक अर्धं, वर फांदी, खाली स्वतःची सावली." मग अर्धं पाऊल सरका. गुडघ्यावर बसलं की काठाची रेघ देवळाच्या पायथ्याला चिकटते, उभं राहिलं की दोन्हींच्या मध्ये पाण्याचा पट्टा सुटतो. हा पट्टा सुटणं म्हणजेच रचना. तृतीयांशाचा नियम (चौकटीचे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर ठेवणं) यानंतर आपोआप कळतो, आधी पाठ केला तर सगळे फोटो एकाच साच्याचे निघतात.

तापीकाठ
@लळिंगचा_वारा, मान्य. चौकट पहिल्या दिवसापासून. कार्ड उद्याच कापतो.

केळीबाग
पण मग डिजिटलवरच चौकट शिकून फिल्मकडे का येऊ नये? एका रोलमागे फिल्म, रसायनं, स्कॅन असा खर्च आहे. ३६ चुका फुकट करता येतात त्या पैशाने का करायच्या?

अंधारखोली
चुकांची किंमत मोजल्याशिवाय वही लिहिली जात नाही म्हणून. प्रत्येक फ्रेमला चार गोष्टी टिपा: छिद्र, शटर, उजेड कुठून, आणि काय बघून बटण दाबलं. शेवटची टीप सगळ्यात महत्त्वाची.

केळीबाग
वही डिजिटललाही लिहिता येते. तरी फिल्मची एक बाजू मी मान्य करतो, ती काँटॅक्ट प्रिंटची, म्हणजे निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून काढलेल्या प्रिंटची: ८ × १० इंचाच्या एका कागदावर ६-६ फ्रेमच्या ६ पट्ट्या बसतात आणि आपण एका विषयाभोवती कसे फिरलो ते एका नजरेत दिसतं. फोनच्या पडद्यावर तो माग दिसत नाही.

पांढरं_सोनं
उजेडाच्या अंदाजाबद्दल. पुस्तकी नियम असा: कडक ऊन असेल तर एफ/१६ (भिंगाच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर आयएसओइतकं, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. खान्देशात नोव्हेंबर ते एप्रिल हा नियम डोळे झाकून चालतो. हलके ढग एफ/११, सावली विरघळली की एफ/८, भरून आलं की एफ/५.६, आणि मोकळ्या आकाशाखालची सावली एफ/४.

घात होतो तो मीटरवाल्यांचा. समोर काहीही असो, मीटर ते १८ टक्के राखाडी आहे असं धरून चालतो. नांगरलेली काळी माती चौकटभर आली की तो जास्त उजेड द्यायला सांगतो, आणि काळी जमीन फोटोत राखाडी, मेलेली दिसते. तिथे सांगितल्यापेक्षा दीड स्टॉप कमी द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उलट कापूस फुटलेलं शेत जवळून घेतलं की बोंडं मळकट येतात, तिथे दीड स्टॉप जास्त. काहीच सुचत नसेल तर विषयावर जे ऊन पडतंय त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरा, त्यावर मीटर लावा आणि एक स्टॉप जास्त द्या. तळहात कोणाचाही असो, राखाडी कार्डापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो.

केळीच्या बागेत मात्र सावध. बाहेर एफ/१६, आत दाट पानांखाली सहा-सात स्टॉप कमी, आणि मध्येमध्ये उन्हाचे कवडसे. दोन्ही एका निगेटिव्हवर नीट उतरणं कठीण. घडाच्या सावलीतल्या बाजूवर मीटर लावा, त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या आणि कवडसे जळतील ते जळू द्या. निगेटिव्हवर सावलीत काही उमटलंच नाही तर नंतर कुठून आणणार? बाग घ्यायची तर ढगाळ दिवशीच जावं हे उत्तम. पिवळा-हिरवा फिल्टर लावला तर पानं उजळतात. नुसता पिवळा एक स्टॉप खातो, नारिंगी दोन, लाल तीन.

रानवाट
कॅमेरा कोणता घ्यावा? घरोघरी पडलेला क्लिक-३ चालेल का?

हायपो
@रानवाट, चालेल. १२० ची फिल्म, ६ × ६ सेमीच्या १२ फ्रेम, एकच शटर. इथे तंत्र शिकायला फार काही नाही, पण चौकोनी चौकट शिकायला झकास. दोन्ही एकाच कॅमेऱ्यात हवं असेल तर पूर्ण हाताने चालणारा ३५ मिमीचा एसएलआर (भिंगातूनच बघायचा कॅमेरा). पेंटॅक्स के१००० घ्या, १९७६ ते १९९७ असा वीस वर्षांहून जास्त काळ तो बनला तो यासाठीच. शटर बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी फक्त मीटरला. त्याला मीटर बंद करायचा खटकाच नाही, म्हणून भिंगाला झाकण लावून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

जुना घेताना मागचं झाकण उघडा, भिंग काढा, उजेडाकडे धरा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा संथ व्हिडिओ घ्या. शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा: १/३० ला ८, १/१५ ला १६, १/८ ला ३०, एका सेकंदाला २४०. १/८ ला ४५ निघाले तर तेल घट्ट झालंय. १/१२५ च्या पुढे या रीतीचा भरवसा नाही.

मग झाकणाच्या खाचेत बोट फिरवा. काळा चिकट डांबरासारखा लेप लागला तर प्रकाश अडवणारा फोम विरघळलाय. आपल्या उन्हात तो लवकर जातो. काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच साफ करा, तिच्यात काळी लोकर दाबून बसवा. शटरच्या पडद्याला काडी लागू देऊ नका. शेवटी भिंगाचं छिद्र एफ/१६ ला ठेवून आत बघा. पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर भिंग उन्हात पडून वंगण पाझरलंय, पाती उशिरा मिटतील आणि फोटो जास्त उजळ येतील.

सातपुडा_पायथा
दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवणाऱ्यांनी वरचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचावा. भरलेला रोलही डिकीत नको. फिल्म फ्रीजमध्ये ठेवायची, आणि वापरायच्या दीड-दोन तास आधी डबीसकट बाहेर. लगेच डबी उघडली तर पावसाळ्यात फिल्मवर दव धरतं.

भुसावळ_जंक्शन
इतिहासाबद्दल कोणी बोललंच नाही. तो तर आपल्या दारातच आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला. वर्षानुवर्षं रंगवलेल्या त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती, जोडभिंगी (पाहताना खोली दिसणारे) फोटो, आणि १८६४ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. १८७९ मध्ये तो वारला, थडगं आपल्या भुसावळला आहे.

आता हे करून कसं शिकायचं? त्या काळच्या प्लेटांना फक्त निळा प्रकाश दिसे. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं आणि लाल रंग काळा. प्रिंट काढायचा साधा कृष्णधवल कागदही बराचसा असाच आंधळा असतो. डब्याचा कॅमेरा करा (भिंगाऐवजी बारीक भोक), त्यात कागद लावा, गिलची अडचण हातात येईल.

हायपो
@भुसावळ_जंक्शन, क्या बात! मापं देतो. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापा, बारीक सुईच्या टोकाने नुसता टोचा, आरपार घालू नका. मागून आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासा, पुन्हा टोचा. १०० मिमी खोल डब्याला ०.४ मिमीचं भोक हवं. मोजायला पत्रा स्कॅनरवर १२०० डीपीआयला ठेवा, ०.४ मिमी म्हणजे १९ पिक्सेल. डबा आतून मॅट काळा. हे सुमारे एफ/२५० झालं. कागदाचा वेग ६ आयएसओच्या आसपास धरा, कडक उन्हात ४० सेकंद. कागद लाल दिव्याखाली भरता येतो, म्हणून फिल्मसारखा पूर्ण अंधार लागत नाही. चित्र निगेटिव्ह येतं, फोनने फोटो काढून उलटं करा.

एका लाल लुगड्याचा आणि एका निळ्या सदऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी घ्या. लाल काळंभोर आणि निळं पांढरं येईल. पुढे लाल-नारिंगी फिल्टर का शोधले गेले ते कोणाला सांगावं लागत नाही.

लळिंगचा_वारा
आणि ३५ मिमीचं मापही असंच हातात येतं. सिनेमाची फ्रेम १८ × २४. लायका कॅमेरा घडवणाऱ्या ऑस्कर बार्नॅकने तीच पट्टी आडवी धावू दिली, दोन फ्रेमची जागा एकीला दिली, २४ × ३६ झालं. १९२५ मध्ये लायका बाजारात आला. गिलला तिवई, प्लेटा आणि तंबू लागे, लायका कोटाच्या खिशात मावला. चौकट बदलली ती यामुळे: छायाचित्रकार उभ्या जागेवरून हलायला लागला. म्हणून क्रमच असा घ्या: डबा एका जागी ठेवून, मग तिवईवर, मग हातात.

अंधारखोली
अजिंठ्याला जाणार असाल तर लेण्यांत फ्लॅश बंद आहे आणि तिवईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. परवानगी मिळाली तर लांब वेळेचं गणित लक्षात ठेवा. एक सेकंदाच्या पुढे फिल्म आळशी होते. एचपी५ प्लसला मीटर ५ सेकंद सांगत असेल तर ८ द्या, १० सांगत असेल तर २०. परवानगी नसेल तर बाहेरचे खांब आणि दारं घ्या. कोरीव कामावर तिरपा उजेड येईपर्यंत थांबा, समोरून आलेल्या उजेडात दगड सपाट होतो.

पांढरं_सोनं
चाळीसगावचे केकी मूस राहिलेच. टेबलटॉपसाठी नावाजलेला छायाचित्रकार, घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर वस्तू मांडून त्याने अख्खी दृश्यं उभी केली. त्यांचं कलादालन सगळ्यांनी मिळून बघा आणि मग एक पूर्ण रोल एका टेबलावर घालवा. एक खिडकी, एक वाटी, एक लिंबू, एक पांढरा पुठ्ठा. पुठ्ठा सावलीच्या बाजूला वाटीपासून एक फूट धरा, मग सहा इंच, मग काढून टाका. प्रत्येक वेळी सावलीचं मीटर लिहा. उजेड समजायला चार किल्ले पालथे घालण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

तापीकाठ
बेत बदलला. रोलच्या आधी डब्याचा कॅमेरा आणि कार्डबोर्डची चौकट. रोल १ टेबल आणि खिडकी. २ आणि ३ उन्हाचा अंदाज, काळी माती आणि कापूस मुद्दाम. ४ केळीची बाग, ढगाळ दिवशी. ५ ते ७ चांगदेव, त्याच जागी तीनदा: पहाटे, दुपारी, सांजेला. बाकीचे तीन सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला राखून ठेवतो, हलत्या विषयासाठी. धुणं रात्री, माठाच्या पाण्यात, १+३.

भुसावळ_जंक्शन
घोडा पळताना १/३० ठेवून त्याच्यासोबत कॅमेरा फिरवायचा. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. घोडा स्पष्ट, मागची गर्दी रेघांची. ३६ तले ३० फसतील, ते धरूनच चला.

रानवाट
वापरलेला फिक्सर मोरीत ओतला तर चालतो का?

हायपो
नको. त्यात चांदी उतरलेली असते. विहीर-बोअरच्या जवळ तर अजिबात नको. प्लास्टिकच्या डब्यात साठवा, त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी टाकून आठवडाभर ठेवा. चांदी खाली गाळात बसते, लोखंड विरघळतं. तो गाळ फेकू नका, चांदी काढणाऱ्यांना द्या. आणि फिक्सर संपलाय का हे वेळेवर तपासा: फिल्मच्या सुरुवातीचा उजेड खाल्लेला तुकडा त्यात टाका, पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट फिक्स करा. ताज्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की बदला.

सातपुडा_पायथा
वाळवताना कूलरसमोर टांगू नका. धूळ ओल्या थराला चिकटते आणि कायमची राहते. न्हाणीघरात आधी गरम पाण्याची वाफ करा, धूळ खाली बसली की फिल्म टांगा, दार लावा. बोअरचं पाणी जड असतं, शेवटचा हात बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याचा द्या, नाहीतर पांढरे डाग.

केळीबाग
एवढं सगळं सांगितलं आणि रोल भरायचं कोणीच सांगितलं नाही. सगळ्यात जास्त रोल तिथे वाया जातात. फिल्मची जीभ उजव्या रिळाच्या फटीत घाला, दोन्हीकडचे दाते छिद्रांत बसलेत ते बघा, झाकण लावायच्या आधी एकदा गुंडाळा. मग झाकण लावून डावी कळ हलकेच उलटी फिरवा, ढिलाई जाऊ द्या. आता पुढे गुंडाळताना डावी कळ आपोआप फिरलीच पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सुटलीय, आकडा ३६ वर जाईल आणि आत काही नसेल.

तापीकाठ
@केळीबाग, आत्ता बघितलं. कळ फिरत नव्हती. पुन्हा भरतो.